शाळकरी मुलांनीं काढलेला देशाचा नकाशा

शास्त्र म्हटलें म्हणजे प्रयोगशाळा, कांचेच्या नळ्या, तराजू आणि दिवे यांचें चित्र सामान्यतः डोळ्यांसमोर उभें राहतें. हीं साधनें ज्या शाळेजवळ आहेत तेथें शास्त्र चांगलें शिकवितां येतें. जेथें तीं नाहींत तेथें पुस्तक पाठ करण्यावांचून गत्यंतर नाहीं, अशी समजूतहि सर्वत्र रूढ आहे. या समजुतीला ज्या कांहीं घटनांनीं धक्का दिला त्यांत ब्रिटनमध्यें १९३० नंतर झालेल्या भूमि-उपयोग पाहणीची गणना केली पाहिजे. या पाहणींत प्रयोगशाळा होती ती गांवाभोंवतालची जमीन. साधनें होतीं नकाशाचा कागद आणि पेन्सिल. आणि संशोधक होते बव्हंशीं शाळांतील मुलगे व मुली. त्यांनीं केलेलें काम परीक्षेच्या गुणांसाठीं नव्हतें. त्या कामाची देशाला गरज होती, आणि पुढें ती गरज कोणाच्याहि अपेक्षेपेक्षां मोठी ठरली.

या कल्पनेचें मूळ शोधूं लागल्यास तें स्कॉटलंडांतील एडिंबरो शहरांत सांपडतें. पॅट्रिक गेडिस (१८५४–१९३२) हे मूळचे वनस्पतिशास्त्रज्ञ. सुप्रसिद्ध जीवशास्त्रज्ञ टॉमस हक्स्ले यांच्या हाताखालीं त्यांनीं अध्ययन केलें होतें. वनस्पतीचा विचार तिची भूमि, तिचें पाणी आणि तिचे शेजारी यांना वगळून करतां येत नाहीं. मनुष्याचाहि तसाच करतां येत नाहीं, असें त्यांचें मत बनलें. १८९२ सालीं त्यांनीं एडिंबरोच्या किल्ल्यानजीकचा एक जुना मनोरा घेतला आणि त्याला ‘आउटलुक टॉवर’ म्हणजे अवलोकनाचा मनोरा असें नांव दिलें. माथ्यावरच्या अंधाऱ्या खोलींत भिंगांच्या साहाय्यानें शहराचें हालतें प्रतिबिंब पांढऱ्या मेजावर पडे. पाहणारानें प्रथम तें दृश्य पाहावें आणि मग एक एक मजला खालीं उतरत जावें. आधीं एडिंबरो, मग स्कॉटलंड, त्याखालीं इंग्रजी बोलणारे देश, त्याखालीं युरोप आणि अगदीं तळाला सारें जग, अशी तेथील मांडणी होती. ज्ञानाचा आरंभ स्वतःच्या उंबरठ्यापासून व्हावा, हा त्या मांडणींतला धडा. आधीं पाहणी, मग योजना, हें गेडिस यांचें सूत्र होतें.

या विद्वानांचा महाराष्ट्राशींहि निकटचा संबंध आला. १९१४ सालीं ते हिंदुस्थानांत आले, अनेक शहरांची त्यांनीं पाहणी केली, आणि १९१९ सालीं मुंबई विद्यापीठांत समाजशास्त्र व नागरिकशास्त्र या विषयांचे ते प्राध्यापक झाले. मालवणांत जन्मलेल्या गोविंद सदाशिव घुर्ये यांना उच्च शिक्षणासाठीं विलायतेस पाठविण्याच्या कामीं गेडिस यांची शिफारस उपयोगी पडली. पुढें १९२४ सालीं त्याच विभागाची धुरा घुर्ये यांच्याकडे आली. इकडे ब्रिटनमध्यें गेडिस यांच्या विचारांनीं प्रेरित झालेले शिक्षक ‘प्रादेशिक पाहणी’ची चळवळ चालवूं लागले होते. मुलांना वर्गाबाहेर न्यावें, गांवची माती, वनस्पति, ओढे, जुने रस्ते आणि वस्ती यांचे नकाशे त्यांच्याकडून काढवून घ्यावे, असा त्यांचा प्रयत्न असे. परंतु हे नकाशे बहुधा शाळेच्या भिंतीवर लागत आणि त्यांचा प्रवास तेथेंच संपे. मुलांनीं मिळविलेल्या माहितीचा शाळेबाहेर कोणाला उपयोग होईल, ही कल्पना अद्याप दूर होती.

ती जवळ कशी आली हें समजण्यासाठीं ब्रिटनमधील एक उणीव ध्यानांत घेतली पाहिजे. महाराष्ट्रांतील शेतकऱ्याला सातबाराचा उतारा परिचयाचा आहे. कोणत्या सर्व्हे नंबरांत कोणतें पीक आहे आणि किती जमीन पडीक आहे याची नोंद तलाठ्यानें गांव नमुना बारामध्यें करावयाची, असा परिपाठ पिढ्यान् पिढ्या चालत आला. २०२१ सालच्या ऑगस्टपासून ई-पीक पाहणीच्या योजनेमुळें हीच नोंद शेतकरी स्वतः आपल्या मोबाइलवरून करूं लागला. या परिपाठाची संवय असलेल्या माणसाला ऐकून नवल वाटेल कीं, ब्रिटनमध्यें अशी शेतवार नोंद उपलब्ध नव्हती. १८६६ सालापासून तेथें दरवर्षीं पिकांचे व जनावरांचे आंकडे गोळा होत. पण प्रत्येक शेतकऱ्याची माहिती गुप्त राखली जाई आणि बाहेर येत त्या केवळ बेरजा. गहूं किती एकर आणि कुरण किती एकर हें सरकारला ठाऊक होतें. तो गहूं आणि तें कुरण नेमकें कोणत्या उतारावर, कोणत्या मातींत आणि कोणत्या ओढ्याकांठीं आहे, हें मात्र कोणालाच एकत्रितपणें ठाऊक नव्हतें.

पहिल्या महायुद्धानंतर ही उणीव जाचूं लागली. ब्रिटन आपल्या अन्नाचा मोठा भाग परदेशांतून आणीत असे. १९१७ सालीं जर्मन पाणबुड्यांनीं जहाजें बुडविण्याचा सपाटा लावला तेव्हां हा परावलंबीपणा किती धोक्याचा आहे हें दिसून आलें होतें. तरीहि युद्ध संपल्यावर १९२१ सालीं धान्याच्या किंमतीची सरकारी हमी काढून घेण्यांत आली, भाव कोसळले आणि नांगराखालची जमीन भराभर गवताखालीं जाऊं लागली. कांहीं ठिकाणीं तर शेतांत कांटेरी झुडपें माजलीं. दुसऱ्या बाजूनें शहरें रस्त्यांच्या कडेकडेनें पसरत चाललीं आणि चांगली पिकाऊ जमीन घरांखालीं जाऊं लागली. किती जमीन जात आहे याचा अंदाज बांधतां येत होता. कोणती जात आहे याचा नव्हता.

या अज्ञानावरचा एक उपाय नॉर्थॅम्प्टनशायर परगण्यांतील शाळांनीं करून दाखविला. १९२० नंतरच्या दशकाच्या अखेरीस तेथील शिक्षकांनीं व विद्यार्थ्यांनीं मिळून आपल्या परगण्यांतील जमिनीच्या उपयोगाचा नकाशा तयार केला. एका परगण्याच्या शाळा हें करूं शकतात तर साऱ्या देशाच्या शाळा कां करूं शकणार नाहींत, असा प्रश्न त्यांतून उभा राहिला; आणि तो ज्यांनीं मनावर घेतला ते गृहस्थ म्हणजे डडले स्टँप.

लॉरेन्स डडले स्टँप यांचा जन्म १८९८ सालीं लंडन येथें झाला. भूगर्भशास्त्राची पदवी घेऊन ते ब्रह्मदेशांत खनिज तेलाच्या संशोधनासाठीं गेले आणि १९२३ सालीं रंगून विद्यापीठांत भूगर्भशास्त्र व भूगोल यांचे प्राध्यापक झाले. ब्रह्मदेश त्या वेळीं हिंदुस्थानच्याच राज्यकारभारांत मोडत असे. इरावतीच्या मुखाजवळील वनांची विमानांतून पाहणी झाली होती. तिच्यावरील स्टँप यांचा लेख १९२५ सालीं प्रसिद्ध झाला. विस्तीर्ण प्रदेशाची नोंद पद्धतशीर रीतीनें कशी करावी याचा विचार त्यांच्या मनांत तेव्हांपासून घोळत असला पाहिजे. १९२६ सालीं ते लंडनच्या स्कूल ऑफ इकॉनॉमिक्स या संस्थेंत आले, आणि १९३० च्या ऑक्टोबरांत त्यांनीं ब्रिटनच्या भूमि-उपयोग पाहणीचें काम हातीं घेतलें.

तो काळ जागतिक मंदीचा होता. पगारी मोजणीदार नेमून साऱ्या देशांतील प्रत्येक शेताची पाहणी करावयाची तर त्या खर्चाला कोणीहि तयार झालें नसतें. स्टँप शाळांकडे वळले याचें हें एक कारण. पण तेवढेंच कारण होतें असें म्हटल्यास त्यांच्यावर अन्याय होईल. आपल्या गांवची जमीन कशी वापरली जाते हें ज्या मुलानें स्वतःच्या डोळ्यांनीं पाहिलें आहे, तोच पुढें तिच्या उपयोगाविषयीं जबाबदारीनें मत देऊं शकेल, अशी त्यांची श्रद्धा होती. नागरिकत्वाचें शिक्षण आणि शास्त्राचें शिक्षण हीं दोन्ही त्यांना एकाच कामांत साधावयाचीं होतीं.

कामाची पद्धत अगदीं साधी होती. सरकारी मोजणी खात्याचे मैलास सहा इंच या प्रमाणाचे नकाशे शाळांना देण्यांत येत. या नकाशांत प्रत्येक शेताची हद्द दाखविलेली असे, आणि एका पत्रकांत साधारणतः सहा चौरस मैल प्रदेश मावे. विद्यार्थ्यांनीं तें पत्रक घेऊन प्रत्यक्ष हिंडावें आणि प्रत्येक तुकड्यावर एक अक्षर लिहावें. वनाला एक अक्षर, कायमच्या कुरणाला दुसरें, नांगराखालच्या जमिनीला तिसरें. याचप्रमाणें माळरान व खडकाळ गायरान, बागा, तळीं, आणि घरें, कारखाने, खाणी वगैरेंनीं व्यापलेली जमीन यांना वेगवेगळीं अक्षरें ठरवून दिलेलीं होतीं. वनांचे आणखी पोटभेद नोंदवावयाचे असत. अशीं सुमारें २२,००० पत्रकें भरून झालीं. या कामांत अडीच लाखांच्या आसपास विद्यार्थ्यांचा हात लागला असें सांगितलें जातें.

एक अक्षर लिहिण्यांत शास्त्र तें कसलें, असें वरवर पाहणाराला वाटेल. परंतु तें अक्षर लिहिण्यापूर्वीं जें करावें लागे त्यांतच सारें शास्त्र सांठविलेलें होतें. छापील नकाशा कांहीं वर्षांपूर्वींचा असल्यामुळें त्यांत दाखविलेलें वन कदाचित् तोडलें गेलेलें असे, आणि मोकळ्या दाखविलेल्या शेतांत घरें उठलेलीं असत. छापलेलें तें खरें ही पुस्तकी वृत्ति तेथें चालत नसे. दिसेल तें लिहावयाचें. निरीक्षण आणि अधिकारवाणी यांत विरोध आला असतां निरीक्षणाचा कौल मानावयाचा, हा विज्ञानाचा पहिला नियम मुलांना बांधावर उभें राहून शिकावा लागला.

दुसरी अडचण याहून नाजूक होती. इंग्लंडांत कांहीं शेतांत पिकांच्या फेरपालटींत एकदोन वर्षें गवत पेरण्याची चाल आहे. अशी जमीन दिसावयाला कुरणासारखीच हिरवी. पण ती खरोखर नांगराखालची, कारण थोड्याच काळांत तींत पुन्हां धान्य पेरलें जावयाचें. पाहणीच्या नियमाप्रमाणें अशा गवताची गणना कुरणांत न करतां शेतजमिनींत करावयाची होती. हा भेद केवळ डोळ्यांना कळणें कठीण. गवताची जात पाहावी, शेजारचीं शेतें पाहावीं आणि शेवटीं शेताच्या धन्याला विचारावें, हाच मार्ग. शाळा आणि गांव यांच्यामधील भिंत अशा प्रश्नांनीं आपोआप ठेंगणी होते. ज्या शेतकऱ्याला शाळेंत काय शिकवितात याचें कधीं कुतूहल वाटलें नसेल, त्याच्याकडे शाळा स्वतः होऊन विद्यार्थी म्हणून येते.

मुलांच्या नोंदींवर विसंबावें कसें, हा आक्षेप साहजिक होता. त्याचें उत्तर पाहणीच्या रचनेंतच दिलेलें होतें. परगण्यापरगण्यांत संघटक नेमलेले असत. ते पत्रकें तपासून घेत. शेजारशेजारचीं पत्रकें वेगवेगळ्या शाळांनीं भरलेलीं असत, आणि त्यांच्या कडा एकमेकींशीं जुळल्या पाहिजेत ही आणखी एक कसोटी होती. संशय येईल तेथें पुन्हां जाऊन पाहणें भाग पडे. खुद्द स्टँप मोटारींतून दूरदूरच्या प्रदेशांत हिंडले, नोंदी पडताळून पाहिल्या आणि राहिलेलीं पत्रकें स्वतः भरलीं. जेथें शाळा विरळ होत्या तेथें विद्यापीठांतील विद्यार्थी आणि इतर स्वयंसेवक यांनीं हें काम केलें. मूल चुकणार हें गृहीत धरून चूक सांपडण्याची सोय करून ठेवणें, हा मुलांवरचा अविश्वास नव्हे. मोठ्या शास्त्रज्ञांच्या मोजमापांनाहि हाच नियम लागू आहे.

बहुतेक प्रदेशाची पाहणी १९३१ ते १९३४ या वर्षांत उरकली. तिच्यावरून मैलास एक इंच या प्रमाणाचे रंगीत नकाशे तयार झाले. त्यांतील पहिलीं पत्रकें १९३३ सालीं प्रसिद्ध झालीं. नांगराखालची जमीन तपकिरी, कुरणें फिकट हिरवीं, वनें गर्द हिरवीं, माळरानें पिवळीं, बागा जांभळ्या आणि वस्तीची जमीन तांबडी, असे रंग त्यांत योजलेले होते. ब्रिटनचें असें चित्र त्यापूर्वीं कोणी पाहिलें नव्हतें. शेतीवर आलेली अवकळा त्यांत रंगारंगानें उघडी पडली होती. नकाशांच्या जोडीला परगणेवार वृत्तांत लिहिण्यांत आले. त्यांचे एकंदर ९२ भाग झाले.

आणि मग १९३९ साल उजाडलें. युद्धाचीं चिन्हें दिसूं लागतांच त्या वर्षाच्या मे महिन्यांत सरकारनें जुनें गवत मोडून जमीन नांगराखालीं आणणाऱ्या शेतकऱ्याला एकरीं २ पौंड देण्याचें जाहीर केलें. सप्टेंबरांत युद्ध सुरू झालें. १९४० च्या जानेवारींत अन्नाचें नियंत्रित वांटप आलें. समुद्रांत पुन्हां पाणबुड्यांचा वेढा पडला. परगण्यापरगण्यांत युद्धकालीन शेती समित्या स्थापन झाल्या आणि कोणतें कुरण नांगरावें, कोणतें राखावें, हा प्रश्न त्यांच्यापुढें आला. बेरजेचे आंकडे अशा वेळीं निरुपयोगी असतात. जागा ठाऊक असावी लागते. त्या जागा दाखविणारे नकाशे देशाजवळ तयार होते, आणि ते दहा वर्षांपूर्वींच्या शाळकरी मुलांनीं भरलेल्या पत्रकांवरून बनलेले होते. युद्धाच्या अवधींत सुमारें ६० लाख एकर जमीन नव्यानें नांगराखालीं आली. या यशाचें सारें श्रेय नकाशांना देणें अतिशयोक्तीचें होईल. तें शेतकऱ्यांच्या, मजुरांच्या आणि शेतांवर राबलेल्या स्त्रियांच्या कष्टांचें आहे. परंतु नांगर कोठें घालावा हें ठरवितांना हे नकाशे हाताशीं होते हें खरें. ज्या मुलांनीं १९३१ सालीं शेतांवर अक्षरें लिहिलीं, त्यांतील पुष्कळजण आतां सैनिकांच्या वयाचे झाले होते.

स्टँप यांना १९४२ सालीं शेती खात्याचे ग्रामीण भूमि-उपयोगाविषयींचे मुख्य सल्लागार नेमण्यांत आलें. ग्रामीण भागांतील जमिनीच्या उपयोगाचा विचार करणाऱ्या स्कॉट समितीचे ते उपाध्यक्ष होते. १९४७ सालीं ब्रिटनमध्यें नगर व ग्राम नियोजनाचा कायदा झाला; त्यामागील विचारमंथनांत या पाहणीचा वाटा मोठा होता. पाहणीची समग्र हकीकत सांगणारा स्टँप यांचा ग्रंथ १९४८ सालीं बाहेर पडला. त्याच्या नांवांतच जमिनीचा उपयोग आणि दुरुपयोग हे दोन्ही शब्द आहेत. पुढें १९६० नंतर ॲलिस कोलमन यांनीं दुसरी पाहणी केली आणि १९९६ सालीं भूगोल-शिक्षकांच्या संघटनेनें आणखी एक नमुना-पाहणी केली. या दोन्ही वेळां शाळांनीं पुन्हां भाग घेतला.

येथवरची कथा यशाची आहे. परंतु इतिहास तिला आणखी एक प्रकरण जोडतो, आणि तेंच अधिक विचार करण्याजोगें आहे. युद्ध संपलें तरी नांगर थांबला नाहीं. उत्पादन वाढवावें हें धोरण कायम राहिलें. रासायनिक खतें व तणनाशकें आलीं, आणि नाना जातींचीं रानफुलें जींत उमलत त्या जुन्या कुरणाच्या जागीं एकाच जातीचें भरघोस गवत पेरलें जाऊं लागलें. काय हरवत आहे हें कांहीं वर्षें कोणाच्या लक्षांत आलें नाहीं, कारण बदल शेताशेतानें होत होता. १९८७ सालीं फुलर या शास्त्रज्ञानें जुन्या व नव्या पाहण्या एकत्र करून हिशेब मांडला. इंग्लंड व वेल्स यांच्या सखल भागांतील जुन्या नैसर्गिक कुरणांपैकीं सुमारें ९७ टक्के कुरणें १९३० नंतरच्या अर्धशतकांत नाहींशीं झालीं, असा निष्कर्ष त्यांतून निघाला. पूर्वीं काय होतें हें सांगणाऱ्या आधारांत स्टँप यांची पाहणी होती. ज्या नकाशांनीं कुरणें नांगरण्यास साहाय्य केलें, तेच नकाशे त्या कुरणांच्या नाशाचे साक्षीदार म्हणून पुढें आले. पुढें पोर्ट्समथ विद्यापीठानें या नकाशांच्या संगणकीय प्रती तयार केल्यावर हा तुलनेचा मार्ग सर्वांसाठींच मोकळा झाला.

यांत मुलांचा दोष नव्हता. त्यांना जें विचारलें होतें त्याचें त्यांनीं खरें उत्तर दिलें होतें. परंतु त्यांना विचारलें होतें तें इतकेंच कीं, येथें गवत आहे कीं नांगरट आहे. त्या गवतांत फुलांच्या जाती किती, पक्षी कोणते, माती ओली कीं कोरडी, हें विचारलें नव्हतें. म्हणून तें लिहिलेंहि गेलें नाहीं. आज अभ्यासकाला कुरण कोठें होतें हें त्या पत्रकावरून कळतें. त्यांत काय उमलत होतें हें कळत नाहीं. प्रश्न जेवढा असेल तेवढेंच उत्तर मिळतें, ही शास्त्रांतील मर्यादा या पाहणीइतकी स्पष्टपणें क्वचितच दिसून येते. म्हणून मुलांना नोंदी करावयास लावण्यापूर्वीं नोंदीचा तक्ता कोणीं व कशासाठीं ठरविला, हा विचारहि मुलांबरोबरच केला पाहिजे. तो शिक्षणाचाच भाग आहे.

परिसरावरून विज्ञान शिकवावें असें अलीकडे सर्वत्र सांगितलें जातें, आणि तें योग्यच आहे. पण पुष्कळ वेळां त्याचें स्वरूप असें होतें कीं मुलांनीं पानें गोळा करावीं, वहींत चिकटवावीं, शिक्षकांनीं सही करावी आणि वर्ष संपतांच ती वही रद्दींत जावी. मुलांना हें कळतें. आपलें काम कोणाला नको आहे हें ज्याला ठाऊक आहे, तो तें मन लावून करीत नाहीं. ब्रिटनच्या पाहणींत काम खरोखरीच हवें होतें. तें तपासलें जात होतें. आणि तें जपून ठेवलें गेलें. या तीन गोष्टींसाठीं श्रीमंत शाळा लागत नाहीं. गांवांतील विहिरींना कोणत्या महिन्यांत किती हात पाणी असतें, ओढा कोणत्या आठवड्यांत आटतो, पहिला पाऊस कोणत्या दिवशीं येतो, बांधावरचीं कोणतीं झाडें उरलीं आहेत, याची पंचवीस वर्षांची अखंड नोंद किती गांवांत मिळेल? दरवर्षींच्या विद्यार्थ्यांनीं मागच्या वर्षींच्या नोंदीखालीं आपली नोंद लिहावी, ग्रामपंचायतीनें ती मागून घ्यावी, आणि चूक आढळल्यास पुढच्या वर्गानें ती दाखवून द्यावी, एवढें झालें तरी पुरे. अशा वहींतून उद्यां नेमकें कोणतें उत्तर निघेल हें आज सांगतां येत नाहीं. १९३१ सालच्या मुलांनाहि तें सांगतां आलें नसतें; त्यांनीं फक्त समोर जें दिसलें तें नीट पाहून लिहून ठेवलें.